अनोळखी जुनी अवजारे आणि यंत्रांचे सुटे भाग कसे ओळखावेत: घासण्याआधी काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने

वाड्याचा माळा रिकामा करताना, बंद पडलेल्या वर्कशॉपचे सामान आवरताना किंवा जुन्या बाजारातल्या ढिगात एखादी वस्तू हाती येते आणि ती कशाची, हे कुणालाच सांगता येत नाही. मग आधी वायर ब्रशने घासाघीस होते, नंतर एक तिरपा फोटो निघतो, तो चारचौघांना दाखवला जातो आणि पहिला जो नाव सांगेल ते नाव वस्तूला कायमचे चिकटते. हा क्रम उलटा आहे. घासताना जी खूण निघून जाते तीच अनेकदा उत्तर असते. शिवाय नाव आधी कानावर पडले, की नजर फक्त त्या नावाला जुळणाऱ्या गोष्टी टिपते आणि न जुळणाऱ्या सोडून देते.

म्हणून वस्तू काय काम करत होती हे आधी ठरवा, नाव सगळ्यात शेवटी शोधा. काम कळायला झीज आणि जोड या दोन गोष्टी सर्वाधिक उपयोगी पडतात. अक्षरे आणि शिक्के त्यांच्यानंतर.

## १. हात लावण्याआधी

जिथे सापडली तिथेच पडलेली असताना वस्तूचा एक फोटो घ्या. शेजारी काय होते तेही त्यात यायला हवे. लोखंडी कांब एकटी पाहिली तर काहीही असू शकते. तीच धोटे, कांड्या आणि फणीच्या शेजारी सापडली तर शोध हातमागापाशी सुरू होतो. एकाच पेटीतल्या वस्तू ओळख पटेपर्यंत वेगळ्या करू नका आणि पेटीच्या तळाशी राहिलेले स्क्रू, वॉशर, चामड्याचे तुकडे फेकू नका.

सावधान: पुढील वस्तूंना हात लावायचा नाही.

- तोफगोळा, बॉम्ब किंवा काडतुसासारखे काहीही, मग ते कितीही गंजलेले असो. दूर व्हा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. हलवू नका, घासू नका.
- काचेच्या नळीत किंवा बल्बमध्ये पारा असलेली उपकरणे.
- अंधारात चमकणारे आकडे असलेल्या जुन्या तबकड्या. त्यांच्या रंगात रेडियम असू शकते. काच उघडू नका, रंग खरवडू नका.
- जुन्या इंजिनाच्या किंवा बॉयलरच्या सांध्यातली पांढुरकी, तंतूमय दोरी. ती ॲसबेस्टॉसची असू शकते. कोरडी ओढू किंवा घासू नका.

दाबलेली स्प्रिंग दिसत असेल तर तिच्यावरचा बोल्ट सोडू नका. विजेचे जुने यंत्र "चालते का बघू" म्हणून प्लगला लावू नका. त्याचे इन्शुलेशन वाळून ठिसूळ झालेले असते आणि सगळी बॉडी करंट मारू शकते.

## २. तयारी

साहित्य फार लागत नाही, पण ते आधी हाताशी असावे: इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारा व्हर्नियर, पोलादी पट्टी, व्हिटवर्थ (जुनी ब्रिटिश, इंचातली आट्यांची पद्धत) आणि मेट्रिक दोन्हींचे थ्रेड गेज, म्हणजे आटे ताडून पाहायच्या दातेरी पट्ट्या, लहान चुंबक, भिंग, टॉर्च, मऊ नायलॉन ब्रश, रॉकेल, पांढरा खडू, पातळ कागद, मऊ शिसपेन्सिल आणि ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. मोठ्या वस्तूंसाठी सामान तोलायचा हुकवाला काटा. फोटोसाठी करडे किंवा मातकट रंगाचे साधे कापड. पांढऱ्या कापडावर काळे लोखंड फोटोत नुसता काळा डाग होते, म्हणून पांढरे टाळा.

या टप्प्यावर घरात हमखास होणारी चूक म्हणजे पितळ दिसले की चिंच-मीठ आणि लोखंड दिसले की पॉलिश पेपर. चिंचेच्या आम्लाने उथळ शिक्का अजून उथळ होतो. पॉलिश पेपर झिजेची चमक आणि नवा ओरखडा यांतला फरकच मिटवतो. आत्ता फक्त सैल माती मऊ ब्रशने झटका. घट्ट ग्रीस असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने अलगद टिपा. त्याआधी ग्रीसचा रंग आणि त्यात अडकलेला कोंडा, भुसा, कापसाचे तंतू किंवा छपाईची शाई पाहून लिहून ठेवा. भोकात अडकलेले ज्वारीचे दाणे पाच मिनिटांत शेतीच्या अवजाराकडे नेतात.

## ३. फोटो आणि नोंद

सहा बाजूंचे सहा फोटो, प्रत्येकात पोलादी पट्टी ठेवून. कॅमेरा वस्तूच्या समोर सरळ धरा, कारण तिरप्या फोटोतले गोल भोक लंबगोल दिसते. सातवा फोटो अंधाऱ्या खोलीत, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून, आडव्या उजेडात घ्या. साध्या उजेडात न दिसणारी अक्षरे आणि ओरखड्यांची दिशा यात दिसतात.

नोंदीत वजन, सर्वांत मोठी लांबी-रुंदी-जाडी, भोकांची संख्या आणि व्यास, हलणारे भाग किती आणि ते फिरतात की सरकतात, एवढे लिहा. "बहुतेक अडकित्त्याचा भाग" असा तर्क नोंदीत लिहू नका. तर्कासाठी वेगळे पान ठेवा.

## ४. मापे: इंच की मिलिमीटर?

मापांची पद्धत कळली की शोधाचे क्षेत्र निम्मे होते. वस्तूवरची यंत्राने तासलेली मापे घ्या, ओतीव खडबडीत बाजूची नको. १२.७, १९.०५, २५.४, ३८.१ असे आकडे येत राहिले तर रचना इंचातली आहे. १२, २०, २५, ४० आले तर मेट्रिक. एका मापावरून ठरवू नका, किमान चार हवीत.

खरा निकाल आट्यांवर लागतो. आटे मोजताना २५.४ मिलिमीटर लांबीत किती बसतात ते मोजा, मग थ्रेड गेज लावून प्रकाशासमोर धरा. फट दिसता कामा नये. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि अमेरिकन आट्याचा ६० अंश. व्हिटवर्थची नेहमी लागणारी मापे:

- पाव इंच: २० आटे
- ५/१६ इंच: १८
- ३/८ इंच: १६
- अर्धा इंच: १२
- ५/८ इंच: ११
- पाऊण इंच: १०
- एक इंच: ८

अमेरिकन जाड आट्याची संख्या यांतल्या बहुतेक मापांना हीच असते. फरक अर्ध्या इंचाला दिसतो, तिथे अमेरिकन बोल्टला १३ आटे असतात. ब्रिटिश बारीक आटा वेगळा: पाव इंचाला २६, ३/८ ला २०, अर्ध्या इंचाला १६.

इथे हमखास फसगत होते. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे झिजलेल्या एम-८ (८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) इतकाच. ५/८ इंचाचा १५.८८ मिलिमीटर, म्हणजे एम-१६ सारखाच. व्यासावरून ते वेगळे काढता येत नाहीत. आट्यांवरून येतात: २५.४ मिलिमीटरमध्ये एम-८ चे वीसहून थोडे जास्त आटे बसतात, ५/१६ चे १८. एम-१६ चे साडेबारा-तेरा, ५/८ चे ११. चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. तिथे पान्याने जोर लावलात तर आटा कापला जातो आणि पुरावाही जातो.

पाइपचे आटे हे वेगळेच प्रकरण आहे. "अर्धा इंची" पाइपच्या आट्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर असतो आणि इंचात १४ आटे. "एक इंची" पाइपचा ३३.२ मिलिमीटर, ११ आटे. कोणत्याही बोल्टशी न जुळणारा २१ मिलिमीटरचा आटा दिसला तर त्या भागातून पाणी, वाफ, हवा किंवा तेल जात होते असे धरून पुढे चला.

पान्यांबाबत एक खुलासा. जुन्या ब्रिटिश पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो. "१/२ डब्ल्यू" (डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ) लिहिलेल्या पान्याचे तोंड २३.४ मिलिमीटर भरते. तो "चुकीचा छापलेला" पाना नाही.

### गिअर, बेअरिंग, पिस्टन

गिअरचा बाहेरचा व्यास आणि दात मोजा. मिलिमीटरमधला व्यास भागिले (दातांची संख्या अधिक दोन), म्हणजे मॉड्यूल, दातांच्या आकाराचे मेट्रिक माप. ३० दातांचा ९६ मिलिमीटरचा गिअर असेल तर ९६ भागिले ३२, मॉड्यूल ३, म्हणजे मेट्रिक. तेवढ्याच दातांचा गिअर १०१.६ मिलिमीटर भरला तर मॉड्यूल ३.१७५ असा विचित्र आकडा येतो. मग इंचात करून पाहा: ४ इंच, आणि ३२ भागिले ४ म्हणजे ८ डायमेट्रल पिच, दातांचे इंचातले माप. आकडा कोणत्या पद्धतीत पूर्णांकात येतो ते पाहा. हे सूत्र सरळ दातांच्या साध्या गिअरलाच लागू आहे.

बेअरिंगवरच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ०४ किंवा जास्त असतील तर त्यांना पाचने गुणा, शाफ्टचा व्यास मिळतो: ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. बेअरिंगवरचे नाव बेअरिंग कंपनीचे असते, यंत्राचे नव्हे, हे सांगूनही लोक त्या नावाचेच यंत्र शोधत बसतात.

पिस्टनचा व्यास खालच्या घेरावर, पिनेच्या काटकोनात मोजा. डोक्यावर "०.५०" असेल तर ते माप नाही. सिलिंडर बोअर केल्यावर टाकलेला अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन, असा त्याचा अर्थ. इंचातल्या इंजिनात तेच "०२०" असे येते. शेतावर सर्रास सापडणाऱ्या किर्लोस्कर ए.व्ही.-१ इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिलिमीटर आणि टी.व्ही.-१ चा ८७.५, दोघांचाही स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ११०. म्हणून ८०.५० चा पिस्टन पाहून "हा कुठल्या तरी अनोळखी इंजिनाचा" असे ठरवण्याआधी आकड्यातून ०.५० वजा करा.

### वजने आणि मापटी

नुसते ओतीव लोखंडी किंवा पितळी ठोकळे सापडले तर तोलून पाहा. ब्रिटिश भारतातला प्रमाण तोळा ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम, अर्धा शेर ४६६, पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८ ग्रॅम. पौंड ४५३.६ ग्रॅमचा. झिजलेला अर्धा शेर आणि पौंड इथे सहज गल्लत होते, म्हणून एक वजन न पाहता पूर्ण संच तोला. दशमान वजने १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे शेरातला संच साधारण त्याआधीचा. धान्याची मापे मात्र आकारमानाची: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. गावोगावी पायली लहान-मोठी होती, तेव्हा एका मापाचे लिटर काढून दुसऱ्या तालुक्यातल्या मापाशी ताडू नका. एकाच घरातली मापे एकमेकांच्या दुप्पट भरतात का, एवढे पाहा.

तपासा: पुढे जाण्याआधी नोंदीत "इंच", "मेट्रिक", "दोन्ही" किंवा "हाताने घडवलेले, प्रमाण माप नाही" यांपैकी एक लिहिलेले असले पाहिजे. "दोन्ही" आले तर बहुधा दुरुस्तीत एखादा भाग बदललेला आहे. तो कोणता, हे शोधा.

## ५. धातू आणि घडण

चुंबक आधी लावा. पिवळ्या वस्तूला चुंबक चिकटला तर ते पितळ नसून मुलामा दिलेले लोखंड आहे. चिकटला नाही तर भरीव वस्तूची घनता काढा: हवेत तोला, मग दोरीने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. हवेतले वजन भागिले घटलेले वजन. ८४० ग्रॅमची वस्तू पाण्यात १०० ग्रॅमने हलकी झाली तर ८.४, म्हणजे पितळ. ॲल्युमिनियम २.७, जस्ताचे ओतकाम साडेसहा-सातच्या आसपास, लोखंड-पोलाद ७.२ ते ७.८, शिसे ११.३. आत पोकळी असेल तर हा आकडा फसवतो.

ओतीव लोखंड आणि पोलाद यांची ओळख न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानस दोनदा फिरवून होते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस काळी पूड होऊन बोटाला पेन्सिलीसारखा लागतो, पोलादाचा चमकदार कण होतो. बिडाच्या वस्तूवर साच्याच्या दोन भागांची शिवण बारीक रेघेसारखी दिसते आणि अक्षरे बहुधा उठावाची असतात. घडवलेल्या वस्तूवर घणाचे चपटे ठसे असतात आणि दोन कडा क्वचितच एकसारख्या असतात.

लोहाराने जुन्या मालातून नवी वस्तू केली आहे का, हेही पाहा. ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता, कानशीची पटाशी, रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याची ऐरण, हे सगळीकडे चालते. पात्याच्या पाठीवर कानशीचे तिरपे दात अस्पष्ट दिसत असतील तर मूळ वस्तू आणि आताची वस्तू अशा दोन ओळखी लिहायच्या.

## ६. झीज वाचणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शिक्का खोटा असू शकतो, सांगणारा चुकू शकतो. झीज मात्र वस्तूने प्रत्यक्ष केलेल्या कामाची असते.

खडू घ्या आणि जिथे पृष्ठभाग गुळगुळीत लागतो त्याभोवती रेघ काढा. मग तीन प्रकार वेगळे करा.

हाताची झीज खोलगट भागातही पोचते, कडा गोल करते आणि तिला ओरखड्यांची दिशा नसते. लाकडी मुठीला ती एका बाजूला जास्त असेल तर कोणता हात आणि अंगठा कुठे, हे स्वतः धरून पाहा. बोटे आपोआप जागेवर बसली की पकड सापडली.

यंत्रातली झीज समांतर रेघांची असते. गोल रेघा म्हणजे फिरणे, सरळ रेघा म्हणजे सरकणे. गिअरचे दात एकाच बाजूने झिजले असतील तर तो एकाच दिशेने फिरत होता. दोन्ही बाजूंनी झिजले असतील तर मागे-पुढे.

मालाची झीज, म्हणजे माती, दोर, धान्य, लाकूड यांनी केलेली. मातीत चालणाऱ्या पात्याची पुढची कड पातळ होते आणि टोके गोल होतात. लांब चपटी लोखंडी पट्टी, एकच लांब कड खाल्लेली आणि दोन्ही बाजूंना बसवण्याची सोय, हे सगळे जुळले तर कुळवाची पास (जमिनीत आडवी चालणारी पाती) हा पहिला तर्क. ती तलवार म्हणून भिंतीवर टांगली जाते, पण तलवारीची झीज टोकाला आणि धारेला असते, पट्टीच्या पूर्ण लांबीला नाही. लाकडी चाकाची खाच गुळगुळीत चकचकीत असेल तर सुताचा किंवा तागाचा दोर, बारीक तिरपे चरे पडले असतील तर तारेचा दोर. रुंद, खोल खाचेचे भरभक्कम लाकडी चाक आणि दोराने एका बाजूला जास्त खाल्लेली खाच दिसली तर विहिरीतून पाणी उपसायच्या मोटेचे चाक तपासा.

डोक्यावर घाव बसलेली वस्तू फुगून कडा बाहेर वळतात. पटाशीसारखे दिसणारे पण डोके न फुगलेले अवजार हाताने ढकलायचे होते किंवा लाकडी मोगरीने ठोकायचे.

एक उदाहरण पूर्ण पाहू. लाकडी वाटी, तळाला तीन भोके. अंदाज येतात ते मेणबत्तीचे स्टँड, खलबत्ता, दिवा. भोके मोजा आणि त्यांत काडी घालून दिशा पाहा: ती खाली जाताना एकमेकांपासून दूर जातात. वाटीचा काठ हाताने झिजून गुळगुळीत, भोकांच्या कडा दाण्यांनी गोल झालेल्या, आत काजळी किंवा मेण नाही. काठाशी मूठ धरून भोकांतून काहीतरी सतत सोडले जात होते आणि ते तीन वाटांनी जात होते. हे पेरणीचे चाडे. भोके तीन म्हणून तिफणीचे, दोन असती तर दुफणीचे. नाव माहीत नसले तरी "तीन नळ्यांत बी वाटून देणारी वाटी" इथपर्यंत कुणीही पोचू शकतो, आणि तेवढ्यावर कोणताही जुना शेतकरी नाव सांगतो.

तपासा: जिथे झीज अपेक्षित होती तिथे ती नाही, असे दिसले तर थांबा. वस्तू कधी वापरलीच गेली नसेल, शोभेची नक्कल असेल किंवा तुमचा तर्क चुकला असेल.

## ७. जोड: ही वस्तू कशाला लागत होती?

सुटा भाग म्हणजे अर्धे वाक्य. उरलेले अर्धे त्याच्या टोकांवर असते. प्रत्येक भोक, खाच, नेढे, आटा आणि निमुळते टोक यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर "इथे काय बसत होते" हे लिहा.

- निमुळते नेढे: लाकडी दांडा. रुंद बाजू कोणती, त्यावरून दांडा कुठून घातला जायचा ते कळते. टिकाव आणि कुदळीचा दांडा वरून घालतात, म्हणून घाव बसताना तो घट्ट होत जातो.
- टोकदार शेपूट: लाकडी मुठीत ठोकलेली. कानस, पटाशी, विळा.
- शाफ्टच्या भोकात चौकोनी खाच: चावी बसवून शक्ती पोचवली जात होती. अशी खाच नसलेले गुळगुळीत भोक बहुधा मोकळ्या फिरणाऱ्या चाकाचे.
- लांबट भोक: तिथे सरकवून जुळवाजुळव करायची होती.
- गुळगुळीत, हळूहळू निमुळता होणारा दांडा: लेथ किंवा ड्रिल मशीनचा मोर्स टेपर. जाड टोक १७.८ मिलिमीटर असेल तर दोन नंबर, २३.८ असेल तर तीन नंबर.

शस्त्र समजून जपलेली वाकडी पाती या यादीने लगेच सुटतात. पात्याला शेपूट नाही, मूठ बसायची जागा नाही, त्याऐवजी बोल्टची भोके आहेत आणि धार एकाच बाजूने काढलेली आहे. एका बाजूने काढलेली धार एखाद्या स्थिर पट्टीला घासून कापते. म्हणजे हे हाताने चालवायचे पाते नाही, चाकाला बसवलेले आहे. कडबा कुट्टीच्या चाकाशी ताडून पाहा.

चार वस्तू जोडावरून किंवा आकारावरून पटकन लागतात, पण सतत चुकतात. कमी होत जाणाऱ्या व्यासाच्या भोकांच्या ओळी असलेली पोलादी पट्टी: भोके एका बाजूने रुंद, दुसरीकडून अरुंद असतील तर सोनाराची तार ओढायची जंतर, चाळणी नव्हे. तीन पाय तीन दिशांना असलेले आणि प्रत्येक पाय तळव्यासारखा दिसणारे ओतीव लोखंड: चांभाराची ऐरण, नांगर किंवा त्रिशूळ नव्हे. दोन्ही टोकांना धातू, मध्ये कांडीची पोकळी आणि बाजूला सूत निघायचे छोटे भोक असलेले होडीच्या आकाराचे लाकूड: धोटा. उलट्या अक्षरांचा किंवा चित्राचा ठोकळा: उंची मोजा. २३.३ मिलिमीटर भरली तर तो छापखान्यातला ब्लॉक, कारण खिळ्यांची (छपाईच्या धातूच्या अक्षरांची) उंची ठरलेली असते. त्याहून बरीच जास्त उंची आणि मागे मूठ असेल तर कापडछपाईचा ठसा.

## ८. अक्षरे, शिक्के, पाट्या

आता अक्षरांकडे. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. उठावाच्या अक्षरांवर खडू चोळा, खोल अक्षरांत खडूची पूड भरून वरून पुसा. जे दिसते तेच लिहा, अर्धवट अक्षराच्या जागी टिंब ठेवा. "असेल" म्हणून अक्षर भरू नका.

बिडावरचा उठावाचा क्रमांक ओतकामाचा असतो. एकाच ओतकामातून वेगवेगळे भाग तासले जातात, त्यामुळे तो पार्ट नंबर समजून सुटा भाग मागवलात तर चुकीचा येईल. पार्ट नंबर बहुधा तासलेल्या बाजूवर ठोकलेला असतो.

काळ ठरवायला उपयोगी खुणा:

- ब्रिटिश नोंदणीकृत डिझाइनचे "आर.डी." क्रमांक १८८४ पासून सुरू झाले. साडेतीन लाखांच्या आसपासचा क्रमांक १९०० च्या सुमाराचा.
- ब्रिटिश पेटंटचे क्रमांक १९१५ पर्यंत दरवर्षी नव्याने सुरू होत, म्हणून वर्षाशिवाय नुसता छोटा क्रमांक निरुपयोगी. अमेरिकन पेटंट दहा लाखावे १९११ मध्ये, वीस लाखावे १९३५ मध्ये, तीस लाखावे १९६१ मध्ये.
- "वेस्ट जर्मनी": १९४९ ते १९९०. "ऑक्युपाइड जपान": दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षे.
- जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. रेल्वे: नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांच्या जागी मध्य व पश्चिम रेल्वे झाल्या, म्हणजे वस्तू त्याआधी बनलेली. वापर मात्र नंतर कितीही वर्षे चालू असेल.
- आय.एस.आय. मार्क: १९५५ नंतरचा.
- पत्त्यात सहा अंकी पिनकोड: ऑगस्ट १९७२ नंतरची पाटी.

पेटंट क्रमांक त्या काळानंतरचे उत्पादन दाखवतो, त्याच वर्षाचे नव्हे. तोच क्रमांक वीस-तीस वर्षे ओतला गेलेला असतो.

पितळी पाटीवरचे मुंबईचे नाव पाहून निर्माता सापडला असे समजू नका. आयात यंत्रावर विक्रेता आपली पाटी लावत असे. निर्मात्याचे नाव बहुधा बिडातच ओतलेले असते. तसेच "६ एच.पी., ६५० आर.पी.एम." अशी पाटी असलेले संथ डिझेल इंजिन लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या नमुन्याचे असते, पण तेवढ्यावर ते इंग्लंडचे ठरत नाही. त्याच्या प्रती राजकोटला मोठ्या प्रमाणावर बनल्या.

सावधान: रेल्वेचा शिक्का असलेला माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जुन्या बाजारातून घेताना पावती मागा. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू निघाली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

## ९. विचारणे

आता माणसांकडे जा. प्रश्न कसा विचारता यावर उत्तराचा दर्जा ठरतो. "हे चाडे आहे का हो?" असे विचारले तर समोरचा मान डोलावतो. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि "काका, ही कशी धरायची?" एवढेच विचारा. ज्याने ती वापरली आहे त्याचे हात आधी हलतात, नाव नंतर येते. ज्याने नुसती पाहिली आहे तो आधी नाव सांगतो.

दोघांना वेगवेगळे विचारा, एकत्र नको. धातूचे काम असेल तर लोहार, फिटर, टर्नर. लाकूड असेल तर सुतार. यंत्र असेल तर इंजिनांची कामे केलेला जुना मेकॅनिक. मिळालेल्या नावापुढे गाव आणि तालुका लिहा, कारण कोकणात, देशावर आणि विदर्भात एकाच अवजाराची नावे वेगळी निघतात. नावे जुळली नाहीत म्हणजे कुणी चुकले असे नाही. कामाचे वर्णन जुळते का ते पाहा.

प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घरगुती वस्तूंसाठी आणि कोल्हापूरजवळ कणेरीचे सिद्धगिरी म्युझियम बलुतेदारांच्या अवजारांसाठी उपयोगी आहे. जाताना मापांची नोंद बरोबर ठेवा. फोटोतला सारखेपणा आकाराचा असतो, मापाचा नसतो.

## १०. पडताळणी, मग सफाई

मिळालेले नाव एका कागदावर लिहा आणि सातव्या टप्प्यातली यादी समोर घ्या. प्रत्येक भोक, प्रत्येक खाच, प्रत्येक झीज त्या नावाने समजावता आली पाहिजे. एक जरी भोक उरले तर ओळख अपुरी आहे: वस्तू दुरुस्त झाली असेल, दुसऱ्या कामाला वापरली गेली असेल किंवा नावच चुकीचे असेल. मग "निश्चित", "बहुधा" आणि "अंदाज" यांपैकी एक शब्द लिहा. "अंदाज" लिहिण्यात काही कमीपणा नाही. अंदाजाला निश्चित म्हणून पुढच्या पिढीकडे देणे मात्र नुकसानीचे आहे, कारण मूळ माहीत असलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

सफाई आता. लोखंड रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉन ब्रशने घासा, पूर्ण वाळवा आणि पातळ मशीन तेलाचा हात द्या. ग्राइंडरचे वायर व्हील वापरू नका. लाकूड पाण्यात बुडवू नका, कोरड्या ब्रशनंतर जवसाच्या तेलाचा पातळ थर पुरे. झिजून चमकलेल्या जागा पॉलिश करू नका आणि मूळ रंग खरवडू नका, कारण रंगाच्या खाली अजून एखादा शिक्का असू शकतो. जाम झालेला बोल्ट असेल तर भेदक तेल (गंजात झिरपणारे) टाकून दोन-तीन दिवस थांबा, आणि पाना लावण्याआधी चौथ्या टप्प्यात काढलेला आटा पुन्हा पाहा, तो उजवा की डावा तेही पाहा. फिरत्या शाफ्टच्या टोकाला कधी कधी डावा आटा असतो, आणि तो नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर अजून आवळला जातो.

शेवटी कापडी किंवा जाड कागदी पट्टी दोऱ्याने बांधा. तिच्यावर कुठे सापडली, काय काम, नाव आणि गाव, कोणत्या पुराव्यावरून, खात्री किती, तारीख. चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक गंज धरतो आणि काढताना जुना रंग घेऊन येतो.